हळव्या काळजाचे संपतभाऊ

संपतभाऊ रेकॉर्डिंगला येताना स्वतःचा फ्लेक्स घेऊन येत. गुंडाळी करून काखेत मारलेला, उलगडला की सहा फुटी. त्यावर ते स्वतः पांढऱ्या शर्टात, डोळ्यांवर काळा गॉगल, उजवा हात आभाळाकडे. आधी तो माझ्या स्टुडिओच्या भिंतीवर खिळ्याला टांगायचा, मग चपला काढायच्या, मग माइकला वाकून नमस्कार करायचा आणि मग फ्लेक्सवरच्या स्वतःकडे बघत गायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, जाहिरातीसाठी आणलाय. मी म्हणालो, "संपतराव, इथं वर कोण बघायला येतंय? खाली जिन्यात लावा." ते दुखावले. "बघायला न्हाई वो, मास्तर. गाताना समोर कुनीतरी आपल्या तोलाचा मानूस लागतो. त्याबिगर सूर लागत न्हाई."

माझा स्टुडिओ म्हणजे रहाटणीत एका हार्डवेअरच्या दुकानावरची खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, दाराला घोंगडी, मध्ये एक काच. त्याआधी सव्वीस वर्षं मी एका गिअरच्या कंपनीत होतो. तिथं माझं काम एकच. तयार झालेला गिअरबॉक्स फिरवायचा, कान देऊन ऐकायचा आणि आतून खटखट आली की बाजूला काढायचा. पुढे हेच काम करणारं यंत्र आलं आणि मला हार-नारळ देऊन घरी पाठवण्यात आलं. कान शाबूत होते, पेटी थोडीफार येत होती, म्हणून हा उद्योग काढला. संपतभाऊ मला मास्तर म्हणत, कारण चष्मा लावून यंत्रापुढे बसलेला कुणीही त्यांच्या लेखी मास्तरच होता.

ते चाकणच्या बाजूचे. वडिलोपार्जित रान कंपनीत गेलेलं. "आमच्या हरभऱ्याच्या वावरात आता गाड्यांचे बंपर पिकत्यात," असं ते हसून सांगत. पहिलं गाणं त्यांनी मामाच्या शर्यतीच्या बैलावर रचलं. बैलगाडा शर्यतींच्या घाटात ते इतकं वाजलं, की बैलावर गाणं होऊ शकतं तर आपल्यावर का नाही, असा विचार पंचक्रोशीतल्या एकेका भाऊच्या मनात डोकावू लागला. वर्षभरात भाऊ लोकांची रीघ लागली. त्यानंतर हळदीची गाणी आली आणि मग काही विचारू नका. राजगुरुनगरपासून माणपर्यंत ज्याच्या हळदीत संपतभाऊ वाजले नाहीत, त्याच्या लग्नाला आलेले पाहुणेसुद्धा अर्धवट जेवून उठल्यासारखे दिसत.

इतके भाऊ, आणि प्रत्येकाला स्वतंत्र गाणं कुठून करणार? म्हणून आम्ही एक युक्ती काढली. वाढदिवसाचं गाणं एकच करायचं, त्यात नावापुरती चार मात्रांची जागा रिकामी सोडायची आणि ज्याचा वाढदिवस असेल त्याचं नाव तिथं भरायचं. शौर्य, दानत, गोरगरिबांचा आधार, सिंहाची चाल हे सगळं सर्वांना सारखंच लागू होतं. फरक काय तो नावाचा. संपतभाऊंचं मत पडलं की नाव बाईच्या आवाजात गोड लागतं. म्हणून त्यांनी मनीषाला आणलं.

मनीषाचं घर परभणीकडचं. वडील नव्हते. आई रहाटणीतच एका मोठ्या सोसायटीत साफसफाईच्या कामाला होती आणि ही एका कंपनीत पॅकिंगला. पहिली शिफ्ट सुटली की कंपनीचा निळा कोट अंगावर तसाच ठेवून यायची. त्या दिवशीची नावं तळहातावर पेनाने लिहिलेली असत. कुठलंही नाव दिलं तरी ती चार मात्रांत बसवायची. एकदा काचेपलीकडून मला म्हणाली, "सर, हे भाऊ चारमधी मावंनात. एक मात्रा बाहीर सांडायलीय. शेठ म्हणू का नुसतं भाऊच राहू देऊ?" दुसऱ्या एका दिवशी हिशेब लावून म्हणाली, "दोनशेच्या वर भाऊ झालेत माझे. राखीपुनवेला कुठं कुठं जाऊ, सांगा." तिनं पंचक्रोशीतल्या प्रत्येक भाऊचं नाव घेतलं. तिचं नाव मात्र कुठंच नव्हतं. गाण्यावर छापून यायचं, 'महागायक संपतभाऊ आणि सहकारी'.

मला संपतभाऊ आवडत, हे लपवण्यात अर्थ नाही. आले की खाली दुकानदारालाही चहा सांगत. माझ्या पत्नीच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात दोन दिवस बाकावर बसून होते आणि नर्सबाईंना गाणी म्हणून दाखवत होते. डोळ्यांत तर पाणी कायम तयार. मामाचा बैल म्हातारा झाला म्हणून रडले. एका हळदीत नवरीची आई रडताना बघून गाणं थांबवून रडले, आणि लोकांनी त्याचा व्हिडिओ काढून गाण्यापेक्षा जास्त पाहिला. "आपलं काळीज लई हळवं हाय, मास्तर," असं ते छातीवर हात ठेवून सांगत. ठेका चुकला म्हणून ढोलकीवाल्याचा मोबाईल त्यांनी जिन्यातून खाली फेकला, तेव्हाही पाच मिनिटांत स्वतःच त्याचे तुकडे वेचत होते. "रागात हात जातो. मनात काय नसतं." ढोलकीवाल्यानेच आम्हाला समजावलं की भाऊंच्या मनात खरंच काही नसतं. आम्हाला ते पटलं. मनात काही नसलेला माणूस आम्हाला फार निर्मळ वाटायचा.

मनीषा आणि ते एकत्र आहेत हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं. गावी त्यांची बायको होती. त्याचाही खुलासा त्यांच्याकडे होता. "घरी लक्ष्मी हाय, हितं सरस्वती हाय. कलाकाराला दोन्ही लागत्यात." हे वाक्य त्यांनी एका सत्काराच्या भाषणात घेतलं, तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. मीही वाजवल्या.

त्या दोघांचं एक हळदीचं गाणं आलं आणि संपतभाऊ खऱ्या अर्थाने मोठे झाले. त्यात तो विचारतो, "सांग ना, तू कुणाची?" आणि ती उत्तर देते, "तुमची हो, तुमची." बस, एवढंच. पण त्या उत्तरात तिचा आवाज असा काही कापतो, की हळदीत नाचणारी पोरंसुद्धा तेवढ्यापुरती थांबायची. लोक म्हणायचे, काय काळजातून गायलीय बाई! आवाज कुणाचा, हे कुणी विचारत नसे. विचारलं असतं तर संपतभाऊंनी सांगितलं असतं, "भाव आपनच काढून घेतला तिच्याकडून."

पुढे मनीषाला चाकणच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला कायम नोकरी लागली. तिनं तिकडेच खोली घेतली आणि गाणं बंद करते म्हणून कळवलं. संपतभाऊ माझ्याकडे येऊन बसले. डोळ्यांतून धारा. "मास्तर, तुमी समजवा तिला. आपन तिला नाव दिलं, वो." मी त्यांच्यासमोरच तिला फोन लावला. ती म्हणाली, "सर, मला भ्याव वाटतंय त्यांचं. ते खोलीवर येऊन दारं बडवायलेत." मी काय म्हणालो, ते मला शब्द न् शब्द आठवतं. मी म्हणालो, "अगं, रागात बोलतात. मनात काही नसतं त्यांच्या." "बरं, सर" म्हणून तिनं फोन ठेवला.

त्यानंतर पंधरवड्यात, भर दुपारी, त्या खोलीत संपतभाऊंनी तिचा तिच्याच ओढणीने गळा आवळला. ती मेली. इमारतीच्या कॅमेऱ्यात ते जिना चढताना आणि उतरताना दिसतात. उतरताना ते रडत होते, असं घरमालकाने पोलिसांना सांगितलं, आणि ही गोष्ट बाहेर फुटताच सगळ्यांच्या जिवात जीव आला. बघा, म्हणजे काळीज होतंच!

पुढचे काही महिने आमच्या भागातल्या लोकांनी जो विचार केला, तेवढा विचार मी त्यांना आधी कधी करताना पाहिला नव्हता. कलाकार माणूस, मन नाजूक. त्या बाईनेच सोडलं म्हणे. सोडायचं होतं तर गोडीनं सोडायचं. असा गळा पुन्हा होणे नाही, असं एक जण माझ्या स्टुडिओखाली म्हणाला, तेव्हा मला वाटलं मनीषाबद्दलच बोलतोय. मग लक्षात आलं की नाही. पेपरात 'प्रसिद्ध गायकास अटक' असं मोठ्या अक्षरात होतं आणि खाली बारीक अक्षरात 'प्रेयसी'. लोकांत तिला 'ती बाई' म्हणत. हळदीत गाणं मात्र पूर्वीपेक्षा जास्त वाजू लागलं. त्यात आता एक करुण रस आला होता, असं मंडपवाल्यांचं म्हणणं पडलं.

खटला राजगुरुनगरला चालला. कोर्टाच्या आवारात लोक त्यांचा फोटो काढायला यायचे आणि भाऊ गाडीतून उतरताना, हातात बेडी असूनही, दुसरा हात आभाळाकडे करायचे. सवयच ती. साक्षीदार म्हणून मलाही बोलावणं आलं. आम्ही एकत्र काम करायचो का, दोघांचे संबंध कसे होते, असं विचारून झाल्यावर सरकारी वकिलांनी विचारलं, "तुमच्यासमोर आरोपीने तिच्यावर कधी हात उचलला होता का?" पिंजऱ्यातून संपतभाऊ माझ्याकडे बघत होते. दवाखान्यातल्या बाकावर बसून बघायचे, अगदी तसेच. मी म्हणालो, "माझ्या पाहण्यात तसं काही नाही."

हे खोटं होतं. उचलला होता. माझ्याच स्टुडिओत, काचेपलीकडे, माझ्यापासून पाच फुटांवर. माझ्या खोटेपणाचा कुणालाच काही उपयोग झाला नाही. कॅमेरे होते, फोन होते, घरमालक होता. जन्मठेप झाली. निकाल ऐकून संपतभाऊ रडले आणि बाहेर उभ्या असलेल्या चाळीसएक माणसांनाही हुंदके आले. मनीषाची आई भिंतीशी उभी होती. ती रडत नव्हती, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

निकालानंतर संपतभाऊंचा पहिला वाढदिवस आला. त्याच्या आठवडाभर आधी नितीन स्टुडिओत आला. हा संपतभाऊ प्रेमी मंडळाचा अध्यक्ष, आणि माझी खोली ज्यांच्या मालकीची त्या हार्डवेअरवाल्यांचा पुतण्या. म्हणाला, "काका, भाऊंचा वाढदिवस जोरात करायचाय. आत असले म्हणून काय वाढदिवस येत नाही का? त्यांनी सगळ्यांची गाणी केली, त्यांचं गाणं कुणी केलं?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. माझी बहुतेक वाक्यं अशीच सुरू होतात.

"गाणं तेच घ्यायचं. फक्त नाव भाऊंचं. आणि आवाज तोच पाहिजे, सगळ्या भाऊंची नावं घेणारा. पब्लिकची डिमांड आहे, राव."

"अरे, पण ती..."

"म्हणून तर, काका!" नितीन खुर्ची पुढे ओढून बसला. "तिनंच शुभेच्छा दिल्या म्हणजे सगळा विषयच मिटला की नाही?"

त्याच्या चेहऱ्यावर कुचेष्टा नव्हती. एखाद्या घरातलं जुनं भांडण मिटवून देणाऱ्याचा चांगुलपणा होता. मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बघतो." मनीषाने एकदा माणच्या एका संपतशेठचं नाव गायलं होतं. त्यातलं 'संपत' घेतलं, 'भाऊ' तर माझ्याकडे दोनशेच्या वर होते. दोन्ही जोडले. चार मात्रांत चोख बसले. माझा हात कुठं अडला नाही, याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागला. 'देहाने दूर, सुराने उरात'. खाली शुभेच्छुकांचे चौदा चेहरे. केक कापला, तो तुरुंगात पाठवता येत नाही म्हणून एकमेकांच्या तोंडाला फासला. गाणं दिवसभर वाजलं.

दोन दिवसांनी दुपारी स्टुडिओचं दार वाजलं. मनीषाची आई, गयाबाई. सोसायटीच्या कामावरून तशाच आल्या होत्या, साडीवर हिरवा एप्रन. मी बसा म्हणालो, त्या बसल्या नाहीत.

"नावं भरनारे सर तुमीच का?"

"हो."

"माझी लेक भोंग्यातून त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायलीय. मी जिना पुसायले होते. आठव्या मजल्यावर ऐकू आलं मला. तिला जाऊन एवढे दिस झाले, अन् तुमी तिला अजून त्याच्याच कामाला लावलंय का?"

मी काहीतरी पुटपुटलो. मंडळाचा आग्रह, खोलीची अडचण. त्यांनी ते ऐकून घेतलं, जसं मूल रडून संपेपर्यंत वाट बघतात.

"मला भांडाय येळ नाही," त्या म्हणाल्या. "तिचा आवाज काढून टाका. ह्याच्यातून, अन् त्या हळदीच्या गाण्यातूनबी. दर लगीनसराईला ती 'तुमची, तुमची' म्हनती त्याला. मला ते ऐकू येत नाही असं वाटतं का लोकाला? आमच्या सोसायटीत खालचा मेन कॉक बंद केला की बारा मजल्यांचं पानी बंद होतं. गानं हितूनच गेलंय ना? मग मेन कॉक हितंच असंल."

ते गाणं आता हजारो फोनांत आहे, इथून काही बंद होत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांना ते एकदम कळलं. त्या खुर्चीवर बसल्या, एप्रन नीट केला. मग म्हणाल्या, "बरं. मग मला तिचा नुसता आवाज ऐकवा. त्याच्याबिगर. बाजा नको, काही नको. नुसती ती."

कंपनीतली एक सवय माझ्यात राहिली आहे. नापास माल मी फेकून देत नाही, वेगळा ठेवतो. हळदीच्या गाण्याचे वाया गेलेले टेक अजून माझ्याकडे होते. मी पहिला लावला. आधी नुसती खोली ऐकू आली, तिच्या श्वासाचा आवाज, कोट सरसरल्याचा. मग लांबून, तिच्या माइकमध्ये पुसट उतरलेले संपतभाऊ, "सांग ना, तू कुणाची?" आणि मनीषा, सुरात, ठेक्यात, खणखणीत, "माझ्या आईची!"

आणि हसली. मागून ढोलकीवाला हसला. काचेअलीकडून मी हसलो, तेही आलंय.

गयाबाईंनी तोंडावर पदर धरला. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. "अशीच व्हती," त्या म्हणाल्या. "लहानपनापासून. कुनी बी विचारलं कुनाची गं तू, की हेच. परत लावा."

मी दुसरा टेक लावला. पुन्हा त्यांनी विचारलं, पुन्हा ती म्हणाली, "माझ्या आईची!", या वेळी आणखी लांबवून, वर एक छोटी तान घेऊन. आणि तिथं माझ्या बोटाने आपोआप आवाज बंद केला.

"का थांबलात?" गयाबाई म्हणाल्या. "गाडी तर पुढं चाललीय." त्या पडद्याकडे बघत होत्या. आवाजाची रेघ अजून बरीच शिल्लक होती. "पुढं काय हाय?"

काही नाही, असं म्हणणं अगदी सोपं होतं. एकदा म्हणून झालं होतं, कोर्टात, शपथेवर. समोर तीच बाई होती, तेव्हा कोर्टात भिंतीशी उभी राहिलेली. मी बटण दाबलं.

खुर्ची सरकली. पावलं आली. तो आवाज आला. हातातली पाटी फरशीवर आपटावी, एवढाच. दुसऱ्या कुणाला काय आहे ते कळलंही नसतं. गयाबाईंना कळलं. मनीषाचा श्वास मध्येच अडकला आणि मग संपतभाऊंचा आवाज, अगदी मायेचा, "भाव आन. भाव आन जरा."

गयाबाई पडद्यावरून माझ्याकडे वळल्या. मग त्यांनी मला विचारलं, "तुमी कुठं व्हता?"

"इथंच. या खुर्चीवर."

"अन् मग?"

"मग आम्ही पुढचा टेक घेतला," मी म्हणालो. "तोच गाण्यात आहे."